बेसिनमधला भोवरा आणि पृथ्वीचे परिवलन : नौपाडा, ठाणे येथील प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीसाठी नात ऐरोलीहून आमच्याकडे आली आहे. ती आठवीत आहे आणि जानेवारीअखेरीस होणाऱ्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला विषय हवा आहे. आज सकाळी दात घासून झाल्यावर ती बराच वेळ बेसिनपाशीच उभी राहिली आणि मग म्हणाली, "आजोबा, हे पाणी जाळीतून जाताना घड्याळासारखे फिरते आहे. गाइडमध्ये तर लिहिले आहे की पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात पाणी नेहमी घड्याळाच्या उलट फिरते. मग आपले बेसिन चुकते आहे का?"

वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात मी ३१ वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले. मोजमाप आणि कागदावरचा आकडा जुळला नाही तर आधी मोजमाप पुन्हा घ्यायचे, आणि तरीही जुळला नाही तर तो आकडा कोणत्या अटींवर लिहिला आहे ते शोधायचे, ही तिथली शिस्त होती. तीच इथे पाळायची असे आम्ही दोघांनी ठरवले. विषय मिळाला.

दिशेबाबत पुढे गोंधळ नको म्हणून शब्दही आजच ठरवून घेतले. वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे देवळात आपण प्रदक्षिणा घालतो त्या दिशेने फिरणे ते सव्य, आणि त्याच्या उलट ते अपसव्य.

८ नोव्हेंबर

दोन दिवसांत घरातील बेसिन आणि स्वयंपाकघरातील सिंक यांच्या प्रत्येकी २० चाचण्या घेतल्या. दर वेळी बूच लावून पाणी भरायचे, अर्धा मिनिट थांबायचे, बूच काढायचे आणि दिशा लिहायची. बेसिनमध्ये १७ वेळा सव्य भोवरा आला, सिंकमध्ये १८ वेळा अपसव्य. दोन्हींमधले अंतर एका भिंतीचे आहे, तेव्हा गोलार्धाचा प्रश्न तिथेच मागे पडला.

सिंकचा नळ वळवता येतो. तो डाव्या कोपऱ्याकडून उजव्या कोपऱ्याकडे फिरवून आणखी २० चाचण्या घेतल्या, तेव्हा भोवराही उलटला. बेसिनचा नळ जाग्यावर घट्ट बसवलेला आहे, पण त्याची धार मध्यावर न पडता थोडी बाजूला पडते, आणि त्या बाजूने भांड्यात जी हलकी घिरटी सुरू होते तीच शेवटी जाळीपाशी मोठी होऊन दिसते.

आजचे सर्वांत मोलाचे निरीक्षण नातीचे आहे. बेसिन भरून तिने हाताने पाणी अपसव्य ढवळले आणि मग दहा मिनिटे त्याला कोणी हात लावला नाही. वरून पाहता पाणी आरशासारखे दिसत होते. ट्यूबलाइटचे प्रतिबिंबही हलत नव्हते. तिने त्यावर हळदीची अगदी लहान चिमूट सोडली आणि आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो. पिवळे कण आधी जागेवरच असल्यासारखे वाटले, पण बेसिनच्या काठावरील एका टवक्याची खूण धरून पाहिल्यावर ते सारे मिळून, एकमेकांमधील अंतर जवळजवळ न बदलता, अपसव्य दिशेने सरकत होते. बूच काढल्यावर भोवरा अर्थातच अपसव्य आला. डोळ्यांना जे पाणी थांबलेले दिसते ते थांबलेले नसते, आणि आपल्या प्रयोगाची खरी अडचण हीच असणार, हे आज कळले.

१० नोव्हेंबर

आज दुपारभर हिशेब केला. तो सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढील सारे काम त्यावर उभे आहे.

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, म्हणजे ताशी साधारण १५ अंश. ध्रुवावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांखालील जमीन याच गतीने जात्याच्या वरच्या दगडासारखी वळत असते. विषुववृत्तावरील माणसाला जमीन पूर्वेकडे वाहून नेते, पण त्याच्या पायांखाली ती अशी वळत नाही. मधल्या प्रदेशात १५ अंशांना त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या साइनने गुणावे लागते. ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तरेस आहे. त्याची साइन ०.३३ येते. म्हणजे आमच्या बेसिनखालची जमीन ताशी सुमारे ५ अंश, आणि वरून पाहता अपसव्य, वळते. पूर्ण फेरीला तिला जवळजवळ ७३ तास लागतात. लिओं फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथेऑनमध्ये ६७ मीटर लांबीचा लंबक टांगून जमिनीचे हेच वळणे लोकांना दाखवले होते. तसा लंबक ठाण्यात टांगला तर त्याच्या आंदोलनाची रेषा सुमारे तीन दिवसांत एक पूर्ण फेरी घेईल.

आता बेसिन. त्याची त्रिज्या २० सेंटीमीटर आहे. ताशी ५ अंश म्हणजे काठाशी ताशी १.७ सेंटीमीटर. नळाच्या धारेने पाण्याला मिळालेली गती सेकंदाला काही सेंटीमीटर असते, म्हणजे पृथ्वीच्या वाट्याच्या हजारो पट. हळदीचे कण ज्या संथपणे सरकत होते, तो संथपणाही पृथ्वीच्या तुलनेत धावण्याइतका होता.

दुसऱ्या बाजूने पाहू. सेकंदाला १० सेंटीमीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्याला ठाण्यात कोरिऑलिस परिणामामुळे, म्हणजे पृथ्वी फिरत असल्याने वाहत्या गोष्टीची वाट बाजूला वळते त्यामुळे, जो बाजूचा रेटा मिळतो, तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीस लाखांश इतका आहे. भांडे २ किलोमीटर लांबीत १ मिलिमीटर इतके कलले असता जेवढा फरक पडेल तेवढाच तो रेटा. कारखान्यात लेथचा बेड लावण्यासाठी आम्ही जी अचूक पाणसळ वापरत असू, तिची एक रेघ मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवते. हा कल तिच्या एका रेघेच्याही चाळिसाव्या भागाइतका आहे. आयुष्यभर मी जे लहान म्हणून मोजले त्यापेक्षा हे फार लहान आहे, आणि तरीही ते शून्य नाही. हे वाक्य लिहिताना मला मनापासून आनंद झाला.

लहान गोष्ट मोठी कशी होते तेही नातीला समजावले. मंगळागौरीत फुगडी घालताना दोघी हात ताणून फिरतात आणि कोपर दुमडून जवळ आल्या की आपोआप वेग वाढतो. पाणी काठाकडून छिद्राकडे येते तेव्हा हेच घडते. याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. त्रिज्या निम्मी झाली की फिरण्याची गती चौपट होते. पण बेसिनमध्ये २० सेंटीमीटरवरून जाळीच्या २ सेंटीमीटरपर्यंत येताना वाढ फक्त १०० पट होते. ताशी ५ अंशांचे ताशी ५०० अंश झाले, म्हणजे एका फेरीला ४३ मिनिटे, आणि बेसिन रिकामे होते २० सेकंदांत. पाणी अगदी पूर्ण स्थिर असते तरी पृथ्वीने त्याला तेवढ्या वेळात ३ अंशही वळवले नसते. तेव्हा घरातील बेसिनवर हा प्रयोग कितीही काळजीने केला तरी उत्तर मिळणार नाही.

१३ नोव्हेंबर

हे काम पूर्वी झालेले आहे, आणि उत्तम झालेले आहे. कोरिऑलिस हे पॅरिसचे अभियंते. फिरणाऱ्या यंत्रांच्या संदर्भात त्यांनी १८३५ मध्ये हा हिशेब मांडला, पाण्याच्या टबाचा विचार त्यांच्या मनात नव्हता. ऑस्ट्रियातील ओट्टोकार टुमलिर्झ यांनी १९०८ मध्ये पाण्याच्या प्रवाहातून पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा मांडला. पण आम्हाला नमुना म्हणून घ्यायचा आहे तो ॲशर शपिरो यांचा १९६२ सालचा प्रयोग.

शपिरो अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविज्ञान विद्यापीठात होते. त्यांची टाकी ६ फूट व्यासाची, सपाट तळाची, पाणी ६ इंच खोल आणि मध्यभागी छिद्र फक्त ३/८ इंचाचे. छिद्राला २० फूट लांबीची रबरी नळी जोडून बूच त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला लावले होते, म्हणजे बूच काढताना टाकीतील पाण्याला धक्का बसत नाही. हा बारकावा मला फार आवडला. पाणी भरताना त्यांनी मुद्दाम सव्य घिरटी दिली, म्हणजे अपेक्षेच्या विरुद्ध. वरून प्लास्टिक झाकून २४ तास थांबले आणि मग बूच काढले. पहिली १२ ते १५ मिनिटे लाकडाच्या सळ्यांचा लहानसा तरंगता क्रॉस जवळजवळ हललाच नाही. त्यानंतर तो अपसव्य फिरू लागला आणि टाकी रिकामी होत आली तेव्हा तीन-चार सेकंदांना एक फेरी घेत होता. एक-दोन तासच थांबून बूच काढले तर मात्र भोवरा भरताना दिलेल्या दिशेने, म्हणजे सव्य, येत असे. १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठात तसाच प्रयोग झाला आणि तिथे पाणी सव्य फिरले.

आमचा हिशेब त्यांच्या टाकीला लावून पाहिला. त्यांचे ठिकाण सुमारे ४२ अंश उत्तरेस, तिथे जमीन ताशी १० अंश वळते. काठापासून छिद्रापर्यंत वाढ सुमारे ३७ हजार पट. एका फेरीला साडेतीन सेकंद येतात. कागदावरचा आकडा टाकीतल्या आकड्याला असा येऊन भिडला तेव्हा नातीने ती ओळ लाल पेनाने अधोरेखित केली.

ठाण्यात हा परिणाम त्यांच्या निम्माच आहे, हे मात्र विसरायचे नाही.

१७ नोव्हेंबर

घोडबंदर रस्त्यावरील एका रोपवाटिकेत कमळ लावण्यासाठीची फायबरची गोल टाकी मिळाली. व्यास ४ फूट, तळ बऱ्यापैकी सपाट. १५ सेंटीमीटर खोल पाणी घेतले तर सुमारे १७० लिटर लागते. काठाशी पृथ्वीचा वाटा ताशी ५.२ सेंटीमीटर. १० मिलिमीटर व्यासाचे छिद्र घेतल्यास वाढ १४,४०० पट होते आणि घर्षण अजिबात नाही असे धरले तर छिद्राच्या कडेशी १८ सेकंदांना एक फेरी व्हायला हवी. घर्षण असणारच, शिवाय आमचा तरंगता क्रॉस छिद्राहून रुंद आहे. तेव्हा मिनिटाला एक फेरी दिसली तरी मी समाधानी असेन.

तळमजल्यावरील मागची खोली रिकामी करून घेतली. सौ.चे पापड-कुरडयांचे डबे बाहेरच्या खोलीत हलले, त्याबद्दल तिचे आभार इथे नोंदवतो. सोसायटीचे नळकाम पाहणाऱ्या मिस्त्रींनी मध्यभागी पितळी नोझल बसवून दिले आणि त्याला पारदर्शक नळी जोडून ती खिडकीतून मागच्या चेंबरपर्यंत नेली. टाकी सिमेंटच्या ठोकळ्यांवर आहे. ठोकळ्यांखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवत, पाणी भरून चार बाजूंना त्या पाण्याची खोली व्हर्नियरने मोजत, सर्व मापे अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणली. समतल पाहायला स्थिर पाण्यापेक्षा चांगले साधन नाही.

२१ नोव्हेंबर

नोझलपाशी गळती. टेफ्लॉन टेप पुन्हा गुंडाळली, एम-सील लावले. दोन दिवस गेले.

२४ नोव्हेंबर

पहिली चाचणी मुद्दाम कमी वेळेची घेतली. पाणी सव्य घिरटी देत भरले, एक तास थांबलो, नळीच्या टोकाचे बूच काढले. क्रॉस चार मिनिटांतच सव्य फिरू लागला आणि शेवटी तर छिद्रावर हवेची बारीक सोंड तयार झाली. दुसऱ्या वेळी अपसव्य भरले; भोवरा अपसव्य. टाकी अपेक्षेप्रमाणे वागते आहे. रिकामी व्हायला तिला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो.

१ डिसेंबर

२४ तास थांबून घेतलेल्या दोन्ही चाचण्यांत भोवरा सव्य आला. एकदा पाणी सव्य भरले होते आणि एकदा अपसव्य, म्हणजे भरण्याच्या दिशेचा हा दोष नव्हे. नात फोनवर हिरमुसली. मी तिला सांगितले, "अगं, एकाच बाजूला सातत्याने येणारी चूक ही चांगली चूक असते, तिचे कारण सापडते."

पहिला संशय नोझलवर. टाकी रिकामी करून आतल्या कडेवरून नख फिरवले तर एका जागी बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची बारीक खरखरीत कड, लागली. अर्धगोल कानसाने आणि मग बारीक पॉलिश पेपरने ती काढली. कडा आता काचेसारखी आहे.

४ डिसेंबर

बर काढल्यानंतरची चाचणीही सव्य. संशय चुकीचा होता, किंवा निदान पुरेसा नव्हता.

७ डिसेंबर

कारण सापडले, आणि ते ज्या प्रकारे दिसले ते मी विसरणार नाही.

पाणी २४ तास शांत ठेवून मग फक्त पाण्याची हालचाल पाहायची, बूच काढायचेच नाही, असे ठरवले होते. दुपारी तीन वाजता झाकणाची एक कड उचलून नातीने चिमट्याने पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा, बाजरीच्या दाण्याएवढा, मध्यापासून ३० सेंटीमीटरवर पाण्यात सोडला. खडा सरळ तळाशी गेला आणि त्याच्या मागे पाण्यात एक जांभळा धागा उभा राहिला. बंद खोलीत उदबत्तीचा धूर जसा आधी सरळ उभा राहतो तसाच. भरल्यानंतर लगेच खडा टाकला की हा धागा क्षणात विस्कटतो. आज तो टिकला. आम्ही तळावर पेन्सिलीने खूण केली होती आणि हिशेबाने इथे १५ मिनिटांत पृथ्वीचा वाटा ६.५ मिलिमीटर येतो. तेव्हा धागा त्याच वेळात एक मिलिमीटरहून अधिक सरकता कामा नये, ही आमची कसोटी होती.

पहिली पाच मिनिटे काही झाले नाही. मग धाग्याचा वरचा भाग हळूहळू खिडकीपासून दूर झुकू लागला आणि तळाजवळचा भाग खिडकीकडे. मधोमध तो ताणला गेला, बारीक झाला, तुटला. दहा मिनिटांत वरचे टोक चार सेंटीमीटर सरकले होते, तेही सरळ नव्हे, सव्य वळण घेत. नातीने मान वर करून खिडकीकडे पाहिले. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन पडद्याच्या फटीतून टाकीच्या एका बाजूवर पडत होते. त्या बाजूचे पाणी तापून वर येत होते, दुसऱ्या बाजूने खाली जात होते, आणि त्या अभिसरणामुळे सारी टाकी रोज दुपारी नव्याने ढवळली जात होती. रात्रभराची शांतता ऊन एका तासात मोडत होते.

खिडकीला बाहेरून प्लायवूड आणि आतून जुनी गोधडी लावली. आता बूच सकाळी सहा वाजता, उजाडण्यापूर्वी काढायचे.

१२ डिसेंबर

पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना इमारतीच्या फलकावर लागली होती. अशा दिवशी १७० लिटर पाणी प्रयोगासाठी घेणे योग्य नाही. यापुढे रिकामे होणारे पाणीही चेंबरमध्ये न सोडता पिंपात धरायचे आणि झाडांना व जिना धुण्यासाठी वापरायचे, असे ठरले.

२२ डिसेंबर

३६ तास शांत ठेवलेल्या पाण्यावरील पहिली चाचणी. पाणी मुद्दाम सव्य भरले होते. नाताळची सुट्टी असल्याने नात काल रात्रीपासून इथेच होती.

सहा वाजता मी बाहेर जाऊन नळीच्या टोकाचे बूच काढले. प्रवाह लागल्यावर नातीने आगकाडीच्या सळ्यांचा दोन सेंटीमीटरचा क्रॉस चिमट्याने अलगद मध्यावर ठेवला आणि पारदर्शक प्लास्टिक पुन्हा ओढून घेतले. क्रॉसच्या एका टोकाला लाल ठिपका आहे. १४ मिनिटे ठिपका भिंतीवरील कॅलेंडरच्याच दिशेला राहिला. पहाटेची मालगाडी गेली तेव्हा पाण्यावर बारीक लहरी उठल्या. पण लहर पुढे-मागे हलवते, एका बाजूला वळवत नाही, त्यामुळे ठिपका पुन्हा तिथेच. १७ व्या मिनिटाला तो खिडकीच्या उलट बाजूकडे कलला. मी घड्याळ पाहत होतो, पाण्याकडे नव्हे, आणि नात कुजबुजली, "आजोबा, अपसव्य." २२ व्या मिनिटाला पाव फेरी झाली होती. त्यानंतर फेऱ्या पूर्ण होऊ लागल्या. शेवटच्या चार मिनिटांत एका फेरीला ५० सेकंदांच्या आसपास लागत होते. ते बघताना आम्ही दोघेही बोललो नाही.

उशीर का लागतो तेही आता डोळ्यांसमोर आहे. आधी छिद्राजवळचे पाणी जाते. ते फार अंतर कापून आलेले नसते, म्हणून त्याची गती फारशी वाढलेली नसते. काठाचे पाणी शेवटी पोहोचते आणि पृथ्वीचा खरा वाटा तेच घेऊन येते.

एक सावधगिरीची नोंद. नातीने मोबाइलवर चित्रण केले होते आणि पडद्यावर भोवरा सव्य दिसत होता! तिने पुढच्या कॅमेऱ्याने, आरशासारखी प्रतिमा देणाऱ्या सोयीने चित्रण केले होते. आता टाकीच्या काठावर "प" हे अक्षर लिहिलेला कागद चिकटवला आहे. चित्रणात तो सरळ वाचता आला तरच दिशा ग्राह्य.

५ जानेवारी २०२५

आतापर्यंत सहा चाचण्या. भरण्याची दिशा आलटून पालटून. पाच अपसव्य, एकदा, २९ डिसेंबरला, क्रॉस शेवटपर्यंत फिरला नाही, नुसता इकडेतिकडे झुलला.

आज नातीने वेगळाच प्रश्न काढला. "इतका लहान परिणाम असेल तर चक्रीवादळ कसे फिरते?" २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा ऐरोलीत त्यांच्या खिडकीची काच फुटली होती, ते तिला आठवते. त्याआधी ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले होते. दोन्ही अपसव्य फिरत होती, आणि उत्तर गोलार्धातील चक्रीवादळे तशीच फिरतात.

उत्तर वेळेत आणि अंतरात आहे. बेसिन २० सेकंदांत रिकामे होते. तेवढ्यात आपल्याखालची जमीन एका अंशाचा छत्तिसावा भाग वळते. वादळात हवा शेकडो किलोमीटरवरून, दिवसच्या दिवस, मध्याकडे ओढली जात असते, आणि ७३ तासांत तर जमिनीची पूर्ण फेरी होते. तिथे पृथ्वीचा वाटा लहान राहत नाही, तोच मुख्य होतो. नातीची अडचण पुढची होती: उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात, मग वादळ डावीकडे कसे? मी तिला खोलीच्या मध्यावर स्टूल ठेवून त्याच्याकडे चालायला सांगितले, पण दर पावलाला थोडे उजवीकडे सरकत. ती स्टुलापर्यंत पोहोचलीच नाही. स्टूल तिच्या डाव्या हाताला राहिले. सगळ्या बाजूंनी येणारी हवा अशी केंद्राला डाव्या हाताला ठेवत जाते, आणि केंद्र डावीकडे ठेवून फिरणे म्हणजे अपसव्य. तिने ते तीनदा चालून पाहिले.

आपला नैर्ऋत्य मोसमी वाराही याच हिशेबातला. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून तो आग्नेयेकडून निघतो, विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा होऊन जूनमध्ये आपल्याकडे येतो. विषुववृत्तापासून पाच अंशांच्या आत मात्र चक्रीवादळे सहसा तयार होत नाहीत, कारण तिथे जमिनीचे वळणे जवळजवळ शून्य असते. म्हणूनच केनियात विषुववृत्तावरील नान्युकी येथे पर्यटकांना रेषेच्या दोन बाजूंना काही पावले चालवत नेऊन भांड्यातील पाणी दोन दिशांना फिरते असे जे दाखवतात, ते पृथ्वीचे काम असू शकत नाही; ते पाणी ओतणाऱ्याच्या हाताचे आहे. आपल्या सिंकच्या नळाने तेच केले होते.

१९ जानेवारी

एकूण नऊ चाचण्या झाल्या. पाच वेळा पाणी सव्य भरले होते, चार वेळा अपसव्य. भोवरा सात वेळा अपसव्य, एकदा सव्य, एकदा नाही. न फिरलेली चाचणी बाजूला ठेवली तर आठांपैकी सात. नाणे आठ वेळा उडवून सात किंवा आठ वेळा ठरवलेलीच बाजू पडण्याची शक्यता २५६ मध्ये ९ आहे, म्हणजे शंभरात साडेतीनच्या आसपास. ती लहान आहे, नगण्य नाही. शपिरोंच्या टाकीपेक्षा आमची टाकी लहान आणि आमच्या अक्षांशावर परिणाम निम्मा, त्यामुळे आमच्या आकड्यांवर एकट्याने भार टाकता येत नाही; दिशा आणि फेरीचा काळ त्यांच्या हिशेबाशी जुळतो, एवढे ठामपणे म्हणता येते. नातीने तक्त्यावर आधी "उत्तर गोलार्धात पाणी अपसव्य फिरते" असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. ते तिनेच काढले आणि तिथे टाकीचा व्यास, छिद्राचे माप, शांत ठेवण्याचे तास आणि झाकलेली खिडकी, हे सारे येईल असे चार ओळींचे वाक्य लिहिले. अक्षर लहान झाले आहे, पण चालेल.

११ जानेवारीची सव्य चाचणी तक्त्यावर घ्यावी की नाही, असे तिने विचारले. त्या दिवशी पाणी अपसव्य भरले होते, ३६ तास झाकलेले होते, नोझल स्वच्छ होते, टाकीची पातळी मी आदल्या रात्री मोजली होती. गोधडी जागेवर होती. मला कारण सापडलेले नाही. ती चाचणी तक्त्यावर इतरांसारख्याच शाईने घेतली आहे, आणि तिच्यापुढील "कारण" हा रकाना कोरा ठेवला आहे.